न वाचलेल्याची खूण

‘हे उघडं पडलंय, खवणेकर,’ प्रभुदेसाई म्हणाले, आणि त्यांनी खिशातला हातरुमाल काढून संगणकाच्या पडद्यावर टाकला.

पडद्यावर रामाण्यांच्या थोरल्याचं कुवेतहून आलेलं पत्र होतं. त्यात त्याने बायकोला लाडाच्या दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली माझी वाचून झाली होती, दुसरीला मी नुकता लागलो होतो.

‘मी काही उघडलं नाही, मास्तर. नुसतं नावावर टिचकी मारली. खाली आपोआप दिसायला लागलं.’

‘आपोआप दिसणं म्हणजेच फुटणं. फुटलेलं पाकीट आपण दोन साक्षीदारांसमोर सील करत होतो की नाही? चाळीस वर्षं मी लोकांची पोस्टकार्डंसुद्धा पत्त्याची बाजू वर धरून चालत आलोय.’

‘पण मास्तर, पत्त्याच्या बाजूलापण अर्ध्यावर मजकूर असतो की,’ खिडकीत बसलेला महादू पाडावे म्हणाला.

‘त्यावर अंगठा ठेवायचा.’

‘मोठा मजकूर असला तर?’

‘तर दोन्ही अंगठे ठेवायचे. तू ठेवत नव्हतास, म्हणून तर गावाला सगळ्यांची दुखणी ठाऊक.’

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आमच्या वाडेखोल गावात ग्रामपंचायतीच्या माडीवर टपाल खात्याच्या पेन्शनरांची एक खोली होती. पेन्शनर तिघेच. प्रभुदेसाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पाडावे पोस्टमन म्हणून, आणि मी तारमास्तर. मला गाव पाठीमागे थापामास्तर म्हणे, आणि त्यात चूक काही नव्हती. वीज पडल्यामुळे एक तार माझ्या टेबलावर भाजून आली, असं मी एकदा उठवलं होतं. तो भाजका कागद बघायला खाडीपलीकडून लोक होडीने आले. कागद मी आमच्या चुलीवर भाजला होता.

संगणक एका पतसंस्थेने मोडीत काढला होता, तो आम्ही उचलून आणला. बटण दाबून पाडावे खाडीवर जाई, आंघोळ करी, धोतर वाळत घालून परत येई, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटे. यात थाप फक्त धोतराची आहे. तो लेंगा घालत असे.

तरी गावाला या यंत्राचा मोठा आधार होता. प्रत्येक वाडीतली पाचदहा माणसं आखाती देशांत, बाकीची मुंबईत. सगळ्यांनी घरच्या पत्रासाठी आमच्या खोलीचा एकच ई-मेलचा पत्ता दिलेला. तो पत्ता इंटरनेटच्या पानावर जाऊन उघडायचा म्हणजे टेलिफोनच्या तारेवर हत्ती चालवायचा. पान निम्मं उघडे आणि लाइन तुटे. तेव्हा आपल्याच यंत्रात राहणारा, टपाल झटपट ओढून घेणारा आणि फोन खाली ठेवणारा एखादा प्रोग्राम पाहिजे होता. प्रभुदेसाईंच्या पुतण्याने पुण्याहून एक सीडी पाठवली. तीत असे सहा प्रोग्राम होते. सगळे फुकट, आणि त्यांचं आतलं लिखाण कुणालाही बघायला खुलं.

‘फुकट, वर आतून उघडं,’ प्रभुदेसाई म्हणाले होते. ‘याचा मालक कोण?’

‘कुणी नाही. म्हणजे सगळेच,’ मी म्हणालो.

‘म्हणजे बेवारस.’

‘बेवारस कसं? गावच्या पाणवठ्यासारखं. कुणीही उतरावं, गाळ काढावा.’

‘आणि कुणी आत घाण टाकली तर?’

‘झाकण नाही म्हणून तर ती दिसेल.’

हे त्यांना पटलं. सहांतले चार आमच्या यंत्राने सुरूच केले नाहीत. उरले दोन. एकाला मी गजांतलक्ष्मी नाव ठेवलं. तिच्यात दिनदर्शिका होती, वाढदिवस होते, रंग होते. आणि पत्राच्या नावावर टिचकी मारली की खालच्या चौकटीत आतला मजकूर उलगडत असे. तिच्याच पायी त्या दिवशी हातरुमाल खर्ची पडला.

‘आता दुसरा लावा,’ रुमालाआडून मास्तर म्हणाले.

दुसरी चिमणी. तीन-चार फ्लॉपींत मावेल एवढी. पान लावायला वेळ लागतो तेवढ्यात ती उघडली, आणि तिने नुसती यादी दाखवली. कुणाकडून, विषय काय, तारीख काय. न वाचलेली पत्रं ठळक अक्षरांत, वाचलेली बारीक अक्षरांत. खालची चौकट बंद करायची सोय होती. ती केली की नावावर दोनदा टिचकी मारल्याशिवाय आतलं अक्षर दिसत नसे.

प्रभुदेसाईंनी चष्मा पुसून ती यादी दोनदा पाहिली.

‘पाकिटाची बाहेरची बाजू दाखवते. आतली नाही,’ ते म्हणाले. ‘हा प्रोग्राम खातं जाणणाऱ्या माणसाने लिहिलेला आहे.’

‘मलापण हाच बरा वाटतो,’ मी म्हणालो.

पाडावेने माझ्याकडे मान वळवून बघितलं. मास्तर आणि मी एका मताचे झालो, असं त्याने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘तुम्हांला का?’ त्याने विचारलं.

‘हलका आहे म्हणून.’

हलका होताच. पण मास्तर चष्मा पुसत होते तेवढ्यात मी माऊसचं उजवं बटण दाबून बघितलं होतं. त्यात एक ओळ होती: न वाचलेलं म्हणून खूण करा. त्या ओळीवर बोट ठेवलं की वाचून बारीक झालेलं पत्र पुन्हा ठळक होई. पाकीट वाफेवर सोडवून परत चिकटवायला मला उभ्या नोकरीत कधी धड जमलं नाही, डिंक दिसे. आणि तारमास्तराला वाचायची सवय असते. गावातलं प्रत्येक जन्ममरण आधी त्याच्या कानातून जातं. निवृत्त झालो म्हणून कान कुठे ठेवू?

तर चिमणी ठरली. प्रभुदेसाईंनी सुंदर अक्षरात नियम लिहून भिंतीवर लावले. डिलिव्हरी दोन, सकाळी दहा आणि दुपारी चार. टपाल ओढलं की पलीकडची पेटी रिकामी करायची; पेटी उघडल्यावर तळ दिसला पाहिजे. ज्याचं पत्र त्यानेच येऊन उघडायचं. तो आला नाही तर पाडावेने घरी जाऊन इंटिमेशनची चिठ्ठी द्यायची. सात दिवस वाट बघायची. आठव्या दिवशी पत्र परत प्रेषकास.

‘मास्तर, ई-मेलला परत प्रेषकास कशाला?’ मी म्हणालो. ‘पडून राहिलं तर काय खातं?’

‘ज्या पत्राला धनी नाही ते आपल्याकडे राहता कामा नये. राहिलं की कुणाला तरी वाचायची बुद्धी होते.’

माझ्याकडे बघून ते बोलले नव्हते. त्यांचा स्वभाव तसा नव्हता.

शेवंती जोगळे रोज येई. काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची. परत जाताना चारच्या डिलिव्हरीला माडी चढायची. डिंकाने काळी पडलेली बोटं पदरात लपवून दारातच उभी राहायची. तिचा नवरा अनंत आखातात परांच्या बांधायच्या कामावर होता. महिन्याला त्याचं एक पत्र येई, चार ओळींचं. कुणाकडून तरी टाइप करून घेतलेलं. त्या वर्षी माघापासून ते थांबलं. घरी फोन नव्हता, म्हणून कंपनीच्या कागदावर फोनच्या रकान्यात अनंताने रेघ मारलेली होती. तिला आमच्या यादीशिवाय दुसरी वाट नव्हती.

‘हाय का वो काय?’

‘नाही शेवंतीबाई,’ मास्तर म्हणत. ‘आज नाही.’

ती जिना उतरे. असे पन्नासेक दिवस गेले. एके दिवशी मास्तर नव्हते. ती जिना उतरली नाही. तिथेच पायरीवर बसली.

‘तारमास्तर, खरं सांगा. मेला का काय तो?’

‘छे गं,’ मी म्हणालो. ‘तुला कंपन्यांची रीत माहीत नाही. कंपनी गप्प बसते ती कधी? माणूस परत पाठवायचा असला की. आधी कळवलं तर घरचे लोक विमानतळावर गर्दी करतात, म्हणून त्यांनी तसा कायदाच केलाय. माझ्या मेव्हण्याचा साडू असाच आला. दोन महिने अक्षर नाही, आणि एक दिवस विमानतळाच्या दारात खांद्यावर ब्लॅंकेट टाकून उभा.’

मला मेव्हणा नाही.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. मला बरं वाटलं. थाप लागू पडली की मला नेहमीच बरं वाटे.

‘कोन्या वारी येतात त्यांची इमानं?’ तिने विचारलं.

आता सुरुवात केलेली गोष्ट अर्धी कशी टाकणार? ‘मंगळवारी आणि शुक्रवारी,’ मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीने ती मुंबईला गेली. जायच्या आधी एक चिठ्ठी माझ्या हातात देऊन गेली. लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर ती उतरणार होती. खाली किराणा दुकान होतं, त्याचा फोन नंबर.

‘रविवारच्या गाडीने माघारी येतंय,’ ती म्हणाली. ‘पण असूं दे तुमच्याकडं.’

‘अगो, एवढ्यात जाऊ नको. आणखी महिनाभर बघ,’ मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

बुधवारी दहाच्या डिलिव्हरीत ते पत्र आलं. कंपनीच्या कचेरीकडून. विषयाच्या जागी फक्त ‘श्रीमती शेवंती अनंत जोगळे’ आणि एक क्रमांक. ठळक अक्षरांत.

‘आलं म्हणायचं एकदाचं,’ पाडावे म्हणाला आणि चपला घालायला लागला. त्याने चिठ्ठी नेली. घराला कुलूप होतं, त्याने ती दाराच्या फटीतून आत सरकवली. शेजारीण म्हणाली, मुंबईला गेली नवऱ्याला आणायला.

‘मास्तर,’ मी म्हणालो, ‘महत्त्वाचं असेल. उघडून बघू या?’

‘महत्त्वाचं असेल म्हणूनच उघडायचं नाही. बिनमहत्त्वाची पत्रं कोण चोरून वाचतं?’ मास्तरांनी वहीत तारीख घातली. ‘आजपासून सात दिवस.’

शुक्रवारी दुपारी मास्तर दात काढायला तालुक्याला गेले. पाडावे खिडकीत पेंगत होता. मी चिमणी उघडली आणि त्या नावावर दोनदा टिचकी मारली.

कंपनीचं इंग्रजी सरळ होतं. आपले पती श्री. अनंत जोगळे हे आजारपणाच्या रजेनंतर कामावर हजर झाले होते. गेल्या आठवड्यात परांची तुटून चौथ्या मजल्यावरून पडले आणि इस्पितळात त्यांचं निधन झालं. देह शवागारात आहे. तो गावी न्यायची इच्छा असल्यास जवळच्या नातेवाइकाचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह, पंधरा दिवसांत पाठवावं. नातेवाइकांचा पत्ता न लागल्यास इथल्या नियमाप्रमाणे इथेच दफन करण्यात येईल.

ग्रामपंचायतीचा शिक्का आमच्या खोलीच्या बरोबर खाली, टेबलाच्या खणात होता. कधी ग्रामसेवक नसला तर पाडावे त्यावर सुपारी फोडत असे.

‘काय आलंय?’ पाडावेने डोळे न उघडता विचारलं.

‘काही नाही. जुनंच चाळतोय.’

मी उजवं बटण दाबलं. अक्षरं परत ठळक झाली.

मग मी एसटी थांब्याजवळच्या फोनच्या खोक्यात गेलो आणि चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. किराणावाल्याने उचलला. मागे तराजूचा आवाज येत होता.

‘वर गाववाल्यांच्या खोलीत शेवंती जोगळे उतरल्येत. त्यांना बोलवाल का?’

‘जोगळेबाई? त्या कुठल्या घरी? आज शुक्रवार ना. विमानतळावर गेल्या सकाळीच. मंगळवारीपण गेल्या होत्या, दिवसभर उभ्या होत्या तिकडे.’ तो माणूस हसला, वाईट नव्हे, आपुलकीने. ‘नवरा येतोय त्यांचा. भाकरी बांधून नेल्यात दोघांच्या. आज नक्की येणार म्हणत होत्या. तुम्ही कोण बोलताय?’

मी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली.

‘निरोप काय देऊ?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘येऊ दे त्यांना.’ आणि फोन ठेवला.

परत येताना मी हिशेब केला. पत्राला पंधरा दिवस मुदत. ती रविवारी येणार. सोमवारी स्वतःच्या हाताने उघडेल, मास्तर वाचून दाखवतील, शिक्का खालीच आहे. मला ना वाचल्याचं सांगावं लागणार, ना विमानांचे वार कुणी काढले त्याचं. दोन दिवसांचा तर प्रश्न होता. मेलेल्या माणसाला दोन दिवसांनी काय फरक पडतो, असंही मी म्हणालो, मनात.

रविवारी ती आली नाही. सोमवारी नाही. मंगळवारी मी दोनदा फोनच्या खोक्यापर्यंत गेलो. पहिल्यांदा आत माणूस होता. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं.

बुधवारी दहाची डिलिव्हरी झाल्यावर प्रभुदेसाईंनी वही उघडली.

‘जोगळे. सात दिवस पुरे.’

‘थांबू या की आणखी दोन दिवस,’ मी म्हणालो.

‘कारण?’

त्यांनी साधं विचारलं. दाताच्या जागी अजून सूज होती, त्यामुळे शब्द जड येत होता. चष्म्यावरून माझ्याकडे बघत, टाक वर धरून ते थांबले. मी कारण सांगितलं असतं तर त्यांनी ते वहीत लिहिलं असतं आणि पत्र ठेवलं असतं. त्यांची तशी पद्धत होती. कारण असलं की ते नियम वाकवत, फक्त कारण लिहून ठेवत.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘आपलं उगाच.’

‘उगाच असा रकाना नाही आपल्याकडे.’ ते पडद्याकडे वळले. ‘हे परत कुठून पाठवायचं? मला सापडत नाही.’

पाडावे माझ्याकडे बघत होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना जागा दाखवली. न उघडता, आहे तसं पत्र पाठवणाऱ्याकडे उलटं धाडायची सोय चिमणीत होती. हलका असून प्रोग्राम कशात कमी नव्हता. वर दोन शब्द लिहायची जागा होती. मास्तरांनी एका बोटाने इंग्रजीत लिहिलं: सदर व्यक्ती पत्त्यावर नाही. मग आमच्याकडची प्रत काढून टाकली, आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. माझ्यासमोर यादीतली ती ओळ गेली आणि खालची ओळ एक घर वर सरकली.

शनिवारी शेवंती आली. पाय सुजलेले, आवाज बसलेला. हातात दाराच्या फटीतली चिठ्ठी.

‘माझं पत्र आलं ना वो?’ ती हसत होती.

मास्तरांनी तिला बसायला सांगितलं आणि नियम सांगितला. पाठवणारी कंपनीच होती हे सांगितलं. ती काही रागावली नाही.

‘माझंच चुकलं. रविवारीच येनार होतंय. पन गेल्या शुक्रवारी दुकानात फोन आला कुनाचा तरी. मी खोलीवर नव्हतंय. नाव सांगितलंन नाय, निरोप नाय. नुसतं म्हनाला, येऊं दे त्यांना.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘त्याचाच असनार. दुसरं कोन मला फोन करतंय? म्हनून पुरा आठवडा दुकानाच्या पायरीवरच बसलंय. परत केला तर चुकामूक नको.’

‘तसं असेल तर तो सुखरूप आहे,’ मास्तर म्हणाले. ‘आपण कंपनीला विचारू. खवणेकर, तुमचं इंग्रजी चांगलं. घ्या लिहून.’

मी लिहायला बसलो. ती सांगत होती आणि मी टाइप करत होतो. माझा माणूस कसा आहे ते कळवावं. तो निघाला असेल तर कोणत्या विमानाने ते कळवावं. आधीचं पत्र मी घरी नसल्यामुळे परत गेलं, त्याची माफी असावी. एकही शब्द मी इकडचा तिकडे केला नाही. आयुष्यात दुसऱ्याचं म्हणणं इतकं जसंच्या तसं मी कधी उतरवलं नव्हतं.

‘शेवटी काय लिहू?’

‘लिवा, काजूचा हंगाम संपायच्या आत ये.’

‘हे कंपनीला लिहायचंय गं.’

‘मग त्यांना लिवा, त्याला सांगा म्हनून.’

मंगळवारी दहाला उत्तर आलं. पाडावे कारखान्यात जाऊन तिला घेऊन आला. ती आली तेव्हा बोटांना डिंक तसाच होता.

‘तुम्ही उघडा,’ मास्तर म्हणाले. तिने त्यांच्या सांगण्याप्रमाणे टेबलावरच्या माऊसवर बोट ठेवलं आणि दोनदा दाबलं. ‘वाचू मी?’ मास्तरांनी विचारलं.

‘वाचा.’

त्यांनी मोठ्याने मराठीत सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, चष्मा काढला, परत घातला, आणि पुढे वाचलं. पुढचं वाचायला पाहिजे होतं असं नाही. पण वाचायला घेतलेलं पत्र मध्येच सोडणं त्यांना माहीत नव्हतं. अनंत पडला ती तारीख. मृत्यूची तारीख. संमतीसाठी आधी पाठवलेल्या पत्राची तारीख. ते पत्र ‘सदर व्यक्ती पत्त्यावर नाही’ या शेऱ्यासह तुमच्या गावच्याच कचेरीकडून परत आल्यामुळे नातेवाईक सापडत नाहीत असं पोलिसांना कळवण्यात आलं. रविवारी दफन करण्यात आलं. जागेचा क्रमांक सोबत जोडला आहे.

‘पुरला?’ शेवंती म्हणाली.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

‘आमच्यात पुरत नाय,’ ती म्हणाली. जणू कुणीतरी तिला चुकीची वस्तू दिली होती आणि ती बदलून मिळेल. ‘आमच्यात फक्त पोरांना पुरतात. दात नाय आले त्यांना.’

मास्तर टेबलाला धरून उभे राहिले. ‘शेरा माझा आहे,’ ते म्हणाले. ‘मी लिहिला.’

ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

‘मी निघताना शेजारीन म्हनाली, मागं पत्र आलं तर गो?’ तिचा आवाज अगदी साधा होता. ‘मी सांगितलं तिला. पोस्टमास्तर नाय वाचनार. पन तारमास्तर वाचतील. ते सगळ्यांची चोरून वाचतात, गावाला ठाऊक हाय. म्हनून तर तुमच्याकडं नंबर ठेवला. तुम्ही वाचाल नि फोन कराल. त्या भरवशावर गेलंय मी.’

खाली ग्रामपंचायतीत कुणीतरी खुर्ची सरकवली. पाडावे खिडकीबाहेर बघायला लागला.

‘वाचलं नव्हतंत तुम्ही?’

‘नाही,’ मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गावात लहान मूलदेखील माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून घेई. मी थांबलो होतो, तिने वजा करावं म्हणून.

तेवढ्यात प्रभुदेसाई बोलले.

‘शेवंतीबाई, ते गमतीत काहीही सांगतात. पण दुसऱ्याचं पत्र खवणेकर उघडणार नाहीत. ते पत्र सात दिवस यादीत ठळक होतं. मी रोज स्वतः बघत होतो. उघडलं असतं तर अक्षर बारीक झालं असतं.’ त्यांचे शब्द ठाम होते. ‘त्यांची हमी मी देतो. दोष द्यायचा तर मला द्या.’

मास्तर कधी खोटं बोलत नाहीत, हेही गावाला ठाऊक होतं. तिने मान हलवली. मग ती त्यांच्याकडे वळली, आणि पहिल्यांदाच रडायला लागली.

महिन्याभरात मास्तरांनी खोलीची किल्ली ग्रामपंचायतीत नेऊन दिली. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, बहुतेक घरातच. शेवंतीने त्यांच्या दारावरून जायचं सोडलं. पाणवठ्याला जायला लांबची, चढाची वाट धरली. ते गेले तेव्हा सगळं गाव आलं, ती आली नाही.

मला मात्र ती दर वर्षी गौरीच्या दिवशी घावन-घाटलं आणून देते. पत्र आणखी दोन दिवस ठेवू या असं मी म्हणालो होतो, हे पाडावेने तिला कधीतरी सांगितलंय. झाकलेलं ताट ओटीवर ठेवते आणि म्हणते, तेवढे तुम्हीच काय ते माझ्या बाजूचे होतात.

मी खातो. समोर उभी असते ती, खावंच लागतं.